आंघोळीचे गरम पाणी : बंब आणि उष्णतापंप यांची सांगड

परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरामुळे दूरवर ओळखले जाते. परभणी-परळी लोहमार्गावर या गावाच्या नावाचे स्थानकही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गावातल्या प्रत्येक घराच्या न्हाणीशी निगडित आहे. तो विषय म्हणजे आंघोळीचे गरम पाणी. हा विषय स्मरणिकेत घेण्याइतका मोठा आहे काय, असे कोणी विचारील. पण पहाटे उठून चुलीपुढे बसणारी आई, तिच्या डोळ्यांतून येणारे पाणी आणि शाळेला उशीर होत असताना सरपणाची मोळी आणणारी मुलगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

आपल्या भागातील हिवाळा विलक्षण असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांपर्यंत आणि काही वर्षी त्याच्याही बराच खाली उतरतो. त्याच दिवशी दुपारी तो २५ ते ३० अंशांपर्यंत चढतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गॅस आला, पण धूर गेला नाही

सरकारने १९८३ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये बंद झाला. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुली आणि उसाच्या पाचटाचा कोळसा यांवर मोलाचे काम केले. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेड्यापाड्यांत गॅसची शेगडी पोचली. चहा, भाजी, वरण गॅसवर होऊ लागले. पण आंघोळीच्या पाण्याचे काय? सिलिंडर लवकर संपेल या भीतीने पाण्याचे भगोणे आजही अनेक घरांत चुलीवरच चढते. म्हणजे स्वयंपाकघरातून निघालेला धूर न्हाणीच्या दाराशी जाऊन बसला आहे.

हा धूर किती घातक आहे, हे आता जगाला ठाऊक आहे. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत, चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो याची मोजणी केली आणि घरातील धुराचा प्रश्न जगापुढे आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख लोक मृत्युमुखी पडले. त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती.

विनयातील धुराडे

गरम पाणी व ऊब ही चैनीची गोष्ट आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘जन्ताघरा’चा उल्लेख येतो. जन्ताघर म्हणजे विस्तव पेटवून ऊब व घाम घेण्याचे स्नानगृह. वैद्य जीवक वैशालीस आले असता भिक्खूंच्या प्रकृती बिघडलेल्या त्यांनी पाहिल्या आणि भगवान बुद्धांना चंक्रमणाची जागा व जन्ताघर यांची अनुज्ञा देण्याची विनंती केली. भगवंतांनी ती मान्य केली. एवढेच नव्हे, तर लहान जन्ताघरात चूल एका बाजूस असावी, मोठ्यात मध्यभागी असावी आणि धूर बाहेर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’ म्हणजे धुराडे असावे, असे बारीकसारीक तपशीलही तेथे आलेले आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने विस्तवाबरोबर धुराड्याचाही विचार केला, त्या धम्माच्या उपासकांच्या घरी आज धुराडे नसावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

हिशेब बादलीचा

आता थोडे गणित करू. विद्यार्थ्यांनी ते वहीत मांडून पाहावे.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंशांवर आहे आणि आंघोळीस ४० अंशांचे हवे आहे, असे धरू. २० लिटरच्या एका बादलीस २० गुणिले २० म्हणजे ४०० किलोकॅलरी लागतील. घरात पाच माणसे असतील तर २००० किलोकॅलरी.

वाळलेल्या एक किलो लाकडात साधारणपणे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. परंतु उघड्या चुलीवर तिचा सुमारे दहावा हिस्साच पाण्यास लागतो. बाकीची उष्णता वाऱ्यावर आणि धुरावाटे निघून जाते. म्हणजे एका किलो सरपणातून पाण्याला मिळाल्या ४०० किलोकॅलरी. थोडक्यात, एक बादली म्हणजे एक किलो लाकूड. पाच माणसांना रोज पाच किलो, आणि थंडीचे शंभर दिवस धरले तर पाच क्विंटल. हे पाच क्विंटल कोणाच्या तरी डोक्यावरून घरी येतात.

तांब्याच्या बंबाची रचना याहून शहाणपणाची आहे. त्यात विस्तवाची नळी मधोमध असते आणि पाणी तिच्या सभोवती असते. ज्वाळेला पाण्याला टाळून जाता येत नाही. एक चतुर्थांश उष्णता पाण्यास लागते असे धरले, तरी पाच बादल्यांना दोन किलो सरपण पुरते. शिवाय बंबाच्या नळीत बारीक काटक्या, तुराट्या, चिपाडे चालतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही.

विजेचा हिशेब असा आहे. एक युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात. पाच बादल्यांसाठी रॉडला किंवा गिझरला सुमारे २.३ युनिट लागतात. यात धूर नाही. पण बादलीत सोडलेल्या रॉडमुळे विजेचा धक्का बसून माणसे दगावतात, हे विसरता येत नाही. आणि ही वीज येते कोठून? आपल्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. म्हणजे तीन भाग उष्णता जाळून एक भाग वीज करावयाची आणि रॉडमध्ये त्या विजेची पुन्हा उष्णताच करावयाची. हा उलटा व्यवहार झाला.

उष्णतापंप म्हणजे काय?

या उलट्या व्यवहारावर विज्ञानाने काढलेला तोडगा म्हणजे उष्णतापंप. नाव नवे वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. घरातील फ्रिजच्या मागील जाळीला हात लावून पाहा. ती कोमट लागते. फ्रिज आतल्या भाजीपाल्याची उष्णता उपसतो आणि मागे टाकतो. उष्णतापंप हेच काम करतो, फक्त तो बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि पाण्याच्या टाकीत टाकतो.

हवा थंड असताना तिच्यात उष्णता कोठून असणार, असा प्रश्न पडेल. १० अंशांच्या हवेतही भरपूर उष्णता असते. ती आपल्या शरीराहून कमी तापमानावर असते, म्हणून आपल्याला थंड वाटते एवढेच. यंत्रातील नळ्यांत एक विशिष्ट द्रव फिरत असतो. तो फार कमी तापमानाला उकळतो. बाहेरच्या हवेची उष्णता शोषून त्याची वाफ होते. काँप्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबल्याने ती तापते, जशी सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते. ही तापलेली वाफ टाकीतील पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. पुढे एका बारीक झडपेतून तिचा दाब उतरतो आणि तीच फेरी पुन्हा सुरू होते.

ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ साली मांडली. झ्युरिक शहराच्या नगरभवनात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला. थंड देशांत आज घरोघरी असे पंप आहेत. तेथे अनेक कुटुंबांकडे जुनी लाकडाची शेगडीही असते. शेगडीच्या पाठीला पाण्याचे कवच बसवून दोहोंची उष्णता एकाच टाकीत साठवण्याची पद्धत तेथे रूढ आहे.

शेतकऱ्याला हा पंप समजावण्याची सोपी रीत विहिरीवरच्या मोटारीची आहे. मोटार पाणी तयार करीत नाही. असलेले पाणी खालून वर उचलते. उष्णतापंपही उष्णता तयार करीत नाही, खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर उचलतो. म्हणून एक युनिट वीज खर्चून तो साधारण तीन युनिटांएवढी उष्णता पाण्यात टाकतो. पाच बादल्यांना २.३ युनिटांऐवजी सुमारे ०.८ युनिट पुरते. परळीच्या केंद्रात जे दोन भाग वाया गेले होते, ते जणू हवेतून परत मिळतात.

आधी पंप, मग विस्तव

मोटारीच्या या उदाहरणातच सांगड घालण्याची किल्ली आहे. विहीर उथळ असेल तर मोटारीला थोडे श्रम पडतात, खोल असेल तर फार पडतात. उष्णतापंपाचेही तसेच आहे. बाहेरची हवा उबदार आणि पाणी थंड असेल, तर त्याला थोडेच उचलावे लागते. हवा थंड आणि पाणी आधीच गरम असेल, तर त्याची दमछाक होते. विस्तवाला मात्र हा भेद नाही. ज्वाळ शेकडो अंशांची असते. तिला २० अंशांचे पाणी काय आणि ५० अंशांचे काय, सारखेच.

यातून दोन नियम निघतात.

पहिला नियम वेळेचा आहे. उष्णतापंप पहाटे चालवू नये, दुपारी चालवावा. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारची हवा २५ ते ३० अंशांची असते. त्या वेळी पाणी ५० अंशांपर्यंत तापवून चांगल्या आवरणाच्या टाकीत साठवले, तर दुसऱ्या दिवशी पहाटेही ते आंघोळीस पुरेसे गरम राहते.

दुसरा नियम क्रमाचा आहे. आधी पंप, मग विस्तव. थंड पाणी प्रथम पंपाच्या टाकीत जावे. तेथून निघालेले पाणी गरज पडली तरच बंबात जावे. क्रम उलटा केला, म्हणजे बंबाने तापवलेले पाणी पंपाकडे पाठवले, तर पंपाची कार्यक्षमता घटते आणि यंत्रातला दाब वाढून ते बंद पडण्याचा संभव असतो.

मग बंबाचे काम कोणते? दुपारी वीज नसली तर पाणी तापवणे, वीज अर्धा वेळच मिळाली तर उरलेली उष्णता भरून काढणे, आणि घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर अधिक कढत पाणी देणे. विजेवर सर्वस्वी विसंबता येत नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. पंपाने निम्मी उष्णता दिली, तर सरपण निम्मे लागते. ज्या दिवशी पंपाने पूर्ण काम केले, त्या दिवशी बंब पेटवावाच लागत नाही.

दोहोंना जोडण्याची सर्वांत उत्तम रीत सर्वांत साधी आहे. नळ्यांचे जाळे नको. पंपाच्या टाकीची तोटी सोडून बादली भरावी आणि गरज असल्यास ती बंबात ओतावी, बस्स. कोणाला चुलीचे कवच टाकीस नळीने जोडावयाचेच असेल, तर जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. विस्तव आणि मोकळी हवा यांमधल्या नळीवर कोणतीही झडप किंवा तोटी असता कामा नये आणि वाफ जाण्याची नळी कायम उघडी असली पाहिजे. विस्तवावर बंदिस्त भांडे ठेवणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे होय.

कोणाला परवडेल?

येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उष्णतापंपाची किंमत साध्या गिझरच्या कित्येक पट असते. एका युनिटला ८ रुपये धरले, तर पाच माणसांच्या घरात शंभर दिवसांत रॉडचा खर्च सुमारे १८६० रुपये आणि पंपाचा सुमारे ६२० रुपये येतो. वाचले १२४० रुपये. एवढ्यासाठी एका घराने मोठी रक्कम गुंतवावी, असा सल्ला देणे योग्य होणार नाही. अशा घराने धुराड्याची सुधारित चूल किंवा बंब वापरावा. छपरावर जागा व थोडी ऐपत असेल तर सौर बंबाचा विचार करावा.

पण चाळीस विद्यार्थ्यांचे वसतिगृह घ्या. रोज ८०० लिटर पाणी म्हणजे १६,००० किलोकॅलरी. उघड्या चुलीवर रोज ४० किलो लाकूड, म्हणजे शंभर दिवसांत ४० क्विंटल. रॉड किंवा गिझर वापरले तर रोज सुमारे १८.६ युनिट, पंपाला सुमारे ६.२ युनिट. त्याच दराने शंभर दिवसांत जवळजवळ दहा हजार रुपये वाचतात, आणि पावसाळ्यातील वापर धरला तर त्याहून अधिक. ५० अंशांचे पाणी थंड पाण्यात मिसळून वापरावयाचे असल्याने साधारण ५५० लिटरची टाकी पुरते. यंत्र दीर्घकाळ टिकणारे असल्यामुळे येथे गुंतवणुकीचा विचार करता येतो. जे एकट्याला परवडत नाही ते संघाला परवडते, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

घ्यावयाची काळजी

१. बंब किंवा गॅस गिझर बंद न्हाणीत कधीही पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो आणि दार आतून बंद राहते. बंबाची जागा दाराबाहेर, उघड्यावर.

२. बंबात प्लॅस्टिक, रबर, टायरचे तुकडे जाळू नयेत. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी असतो.

३. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले गरम पाण्याच्या बादलीत पडून भाजल्याचे प्रकार याच चुकीने घडतात.

४. मोठ्या टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस साठू देऊ नये. २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांवाटे फुप्फुसात जातात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. पंपाला ६० अंशांपर्यंत पाणी तापवण्याची सोय असेल तर ठरावीक दिवशी ती वापरावी. सुट्टीनंतर वसतिगृह उघडताना जुने पाणी काढून टाकावे.

५. आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. टाकी व बंब वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावेत.

६. पंपाला उत्तम अर्थिंग आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवाच. पंप ओसरीत किंवा मोकळ्या हवेत बसवावा. तो थंड हवा बाहेर टाकतो, म्हणून कोंडलेल्या खोलीत त्याचे काम मंदावते.

७. सरपण पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडाची उष्णता स्वतःचे पाणी आटवण्यातच जाते. पऱ्हाट्यांचे ढीग मात्र पुढच्या हंगामापर्यंत साठवू नयेत. त्यांत गुलाबी बोंडअळी आसरा घेते.

समारोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणविषयक समितीपुढे बोलताना वीज स्वस्त व मुबलक मिळाली पाहिजे, कारण त्याखेरीज देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी भूमिका त्यांनी मांडली. यंत्र माणसाला श्रमातून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीतूनच माणूस संस्कृती घडवतो, हा विचार त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथातही ठामपणे सांगितला. पहाटेचा एक तास चुलीपुढून वाचला आणि तो मुलीच्या अभ्यासाला मिळाला, तर ते याच विचाराचे आचरण ठरेल.

पालि भाषेत ‘उपादान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आसक्ती आणि दुसरा इंधन. इंधन असेल तोवर विस्तव जळतो, इंधन घटले की तो मंदावतो. विस्तव एकदम विझवता येत नसेल, तर त्याचे इंधन कमी करावे. आज ज्या घरात चूल आहे तेथे धुराडे यावे, जेथे धुराडे आहे तेथे बंब यावा आणि जेथे चाळीस मुले एकत्र राहतात तेथे पंप यावा व बंब त्याच्या मदतीस राहावा. प्रत्येकाने आपल्या पायरीवरून एक पायरी चढावी. या हिवाळ्यात आपल्या घरी रोज किती किलो सरपण लागते, ते निदान एकदा तराजूवर तोलून पाहावे. सुधारणेची सुरुवात त्या वजनातून होईल.

जयभीम!